उसातल्या पिल्लांची झोप

कुकडीच्या खोऱ्यात हिवाळा उतरला की उसाला तुरे येतात, आणि सकाळी आठ-साडेआठपर्यंत धुकं त्या तुऱ्यांवर अंग टाकून पडलेलं असतं. अशा वेळी धामणवेढ्याच्या शिवारात उभं राहिलं तर आपण जागे आहोत की झोपेत, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. डॉ. वृषाली औटी यांना तर सत्तावीस वर्षांत ते कधीच सांगता आलं नव्हतं.

बाई जनावरांच्या डॉक्टर, त्यातही बिबट्यांच्या. या खोऱ्यातला बिबट्या केव्हाच डोंगर सोडून उसात राहायला आला होता. उसातच जन्मायचा, उसातच म्हातारा व्हायचा. जंगल त्याच्या पणज्यानं पाहिलं असेल तेवढंच. तोडणी सुरू झाली की फडात पिल्लं सापडायची. पूर्वी ती कोयत्यासमोर सापडत. आता तोडणीचं यंत्र आलं होतं आणि त्याच्या कपाळावर ऊब ओळखणारा डोळा होता. सरीत काही उबदार दिसलं की यंत्र आपोआप थांबायचं, चालक खाली उतरून तंबाखू मळत बसायचा आणि बचाव केंद्रात फोन जायचा.

पुढचं काम बाईंचं. पिल्लांवर मऊ गोणपाट टाकायचं, गोणपाटाखालूनच तोंडाला छोटा मास्क लावायचा. गोडसर वासाचा वायू चार श्वास आत गेला की मांजराएवढं ते जनावर हातात लोळागोळा व्हायचं. मग वजन, दात, रक्त, मानेत तांदळाएवढी चिप. चाळीस मिनिटांनी मास्क काढायचा. दिवेलागणीला पिल्लं खोक्यात घालून त्याच बांधावर ठेवायची आणि सगळ्यांनी लांब जाऊन चिडीचूप बसायचं. आई यायची, एकेकाचं मानगूट धरून घेऊन जायची. बहुतेक वेळा यायचीच.

पण ती पिल्लं न्यायची कुठे, तर शेजारच्या फडात. आठवड्याभरात तो फडही तोडणीला यायचा आणि यंत्र पुन्हा थांबायचं. तीच पिल्लं, तोच मास्क. एकेक पिल्लू एका हंगामात चार-पाच वेळा हाती लागे. चिप तर पहिल्याच खेपेला बसलेली. नुसतं उचलून पलीकडे ठेवलं असतं तरी भागलं असतं. पण बाईंचा हट्ट. "जागेपणी माणसाचा हात लागला की पिल्लाच्या मनात भीती बसते," त्या म्हणायच्या, "आणि भ्यालेला बिबट्या उद्या गावाला महागात पडतो. झोपेत भीती शिरत नाही." बाईंचा शब्द म्हणजे शब्द, अख्ख्या खोऱ्यात तीच रीत पडली. गावातल्या बायका त्यांना झोपेची डॉक्टरीण म्हणत. अंगाई तेवढी म्हणत नाहीत, बाकी सगळं करतात, असंही म्हणत.

बाईंना ते मनातून आवडायचं. आपण कुणाचं काही भलं करतोय असं वाटलं की माणूस कसा आतून सुखावतो, तशा त्या सत्तावीस वर्षं सुखावलेल्या होत्या.

गेल्या सात-आठ वर्षांत मात्र काहीतरी बिनसलं. माद्या पूर्वीसारख्याच शहाण्या. पंप लावायला माणूस आला की मुकाट्यानं चार सऱ्या पलीकडे सरकणाऱ्या. पण नर दचकायला लागले. पत्र्यावर शेंग पडली, कुणी शिंकलं, ट्रॅक्टर सुरू झाला की उसळायचे आणि वाटेत येईल त्याला पंजा मारून पळायचे. ओढून नेणं नाही, खाणं नाही. नुसतं घाबरून मारणं. दोन वर्षांत अकरा माणसं जखमी झाली, आणि अकरावा होता संपत डुंबरे.

बाईंना आयुष्यातलं पहिलं पिल्लू मिळालं ते या संपतच्याच फडात. तेव्हापासून दर भाऊबीजेला बाई त्याच्या घरी जायच्या, ओवाळायच्या, यमुनावहिनींच्या हातचं जेवून यायच्या. यंदा दिवाळीच्या तोंडावर संपत मोटर चालू करायला विहिरीवर गेला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. पंपाच्या खोलीमागे पडलेला नर उसळला. खांदा फाटला, उजवा हात आता जेमतेम कमरेपर्यंत वर येतो. भाऊबीजेला त्यानं डाव्या हातानं ताटात साडीची घडी ठेवली आणि म्हणाला, "ताई, त्याचं काय चुकलं न्हाई बघ. माझ्या खोकल्याला भ्यालं ते."

खोकल्याला भ्यालेला बिबट्या. बाईंच्या डोक्यातून ते काही जाईना.

पुण्याहून अयान मोमीन नावाचा संशोधक आला तो याच कोड्यासाठी. वय चौतीस, बोलणं मऊ, खिशात कायम खारे दाणे. त्यानं सोबत आणली होती मागपट्टी, बोटाएवढी पांढरी पट्टी. तिच्यावर जनावराच्या केसाचं मूळ ठेवलं की त्याच्या जनुकांवर लहानपणीचे कोणते ठसे उरलेत ते अर्ध्या तासात कळायचं. स्वतःचेच नाहीत, आईबापांकडून आलेलेसुद्धा. महिनाभर तो काट्याकुट्यांना अडकलेले केस गोळा करत फिरला. मग एका दुपारी केंद्राच्या ओसरीत त्यानं बाईंच्या समोर दाणे मांडले.

"मॅडम, वाढ झालेल्या मेंदूत गॅबा नावाचं एक रसायन निरोप पोचवतं. निरोप एकच, शांत हो. भुलीची औषधं त्याच निरोपाचा जोर वाढवतात, म्हणून झोप लागते. पण नवजात मेंदूच्या पेशींत क्लोराइडचा क्षार भरपूर साठलेला असतो," त्यानं दाण्यांचा एक ढीग केला, "त्यामुळे तोच निरोप उलटा वाचला जातो. शांत हो म्हटलं की पेशी पेटते."

"म्हणजे बाहेरून पिल्लू झोपलेलं, आणि आत?"

"आत काही कोपऱ्यांत वणवा. जन्मानंतर काही आठवड्यांनी एक पंप सुरू होतो, क्षार बाहेर फेकतो आणि निरोप सरळ होतो." त्यानं निम्मे दाणे उचलून तोंडात टाकले. "पण नेमक्या त्या दिवसांत वरचेवर भूल पडली, तर त्या पंपाच्या जनुकावर एक रासायनिक झाकण बसतं. जनुक जसंच्या तसं, पण झाकलेलं. असं जनावर मोठं झालं तरी शांत होण्याचा निरोप त्याला नीट पोचत नाही. आणि हे झाकण नुसतं मेंदूत बसत नाही, मॅडम. पिल्लाच्या अंगात पुढच्या पिढीची बीजं असतात ना, त्यांच्यावरही बसतं."

"मग माद्या कशा शहाण्या?"

"मादीचा मेंदू तिची संप्रेरकं सांभाळून घेतात, असं दिसतं. ती स्वतः ठणठणीत. पण बीज झाकलेलंच. ते ती मुलग्यांना देते आणि मुलगे दचकतात. मुलींना दिलं तरी मुलींत दिसत नाही. उंदरांमध्ये असं पूर्वीच आढळलंय. जे झोपले त्यांच्यापेक्षा त्यांचे मुलगे जास्त भित्रे, अशीही उदाहरणं आहेत."

खाण तशी माती म्हणतात. पण इथं खाणीला काही झालेलंच दिसत नव्हतं आणि माती मात्र थरथरत होती. बाईंनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"पण माझं गणित इथंच अडलंय," अयान म्हणाला. "ठसे फार दाट आहेत. केंद्राच्या फॉर्मवर तर प्रत्येक पिल्लू एकदाच झोपवलंय, चाळीस मिनिटं. एवढ्यानं इतका ठसा पडत नाही. म्हणजे कारण भूल नव्हेच. ही जातच आता अशी झालीय, असं लिहावं लागेल. शुक्रवारी अहवाल द्यायचाय."

फॉर्म भरायचा तो चिप बसवताना, आणि चिप एकदाच बसते. दुसरी, तिसरी, पाचवी झोप फॉर्मवर कुठून येणार? ती होती फक्त बाईंच्या स्वतःच्या डायऱ्यांत, निळ्या शाईत: 'तेच पिल्लू. पुन्हा झोपवलं. छान झोपलं.'

अहवालात 'जातच अशी' असं आलं की पुढचं ठरलेलं होतं. खोऱ्यातले त्रेसष्ट नर पकडून जन्मभर पिंजऱ्यात, आणि या हंगामापासून सापडणारं प्रत्येक नर पिल्लूही थेट पिंजऱ्यात. बाईंनी तोंड उघडलं तर ते टळण्याजोगं होतं. पण मग अकरा माणसांच्या जखमांवर एकच नाव लिहिलं जाणार होतं. अयाननं दाणे पुढे केले. बाईंनी एक घेतला, चावला, आणि गाडीकडे निघाल्या.

त्या दुपारी शिवाराच्या कडेला गाडी उभी करून बाई बसल्या आणि बसल्याबसल्या त्यांचा डोळा लागला. स्वप्नात ऊस होता, आभाळापर्यंत गेलेला, आणि प्रत्येक सरीत एकेक पिल्लू झोपलेलं. पिल्लाच्या मागे त्याचा मुलगा, त्याच्या मागे त्याचा मुलगा, अशी रांग पार धुक्यात गेलेली. सगळे गाढ झोपेत आणि सगळ्यांचे कान मात्र जागे, वाऱ्यानं पान हललं तरी थरथरणारे. बाईंना वाटलं, या कानांवर हात ठेवावेत. पण हात दोनच. त्या एका कानावरून दुसऱ्याकडे धावत राहिल्या आणि जिथून हात उचलावा तिथलं पिल्लू दचकून नाहीसं व्हायचं. जाग आली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. त्यांनी गाडी संपतच्या घराकडे वळवली.

संपत गोठ्यात एका हातानं गव्हाणीत वैरण टाकत होता. बाईंनी उभ्यानंच सगळं सांगितलं. पेशी, क्षार, झाकण असलं काही नाही, सरळ सांगितलं. "दादा, पिल्लांना पुनःपुन्हा झोपवलं ते मी. त्यानं त्यांची पोरं भित्री निपजली. तुझ्यावर आलेला नर, केसांवरून कळलं, तुझ्याच फडात गावलेल्या मादीचा नातू आहे. ती पिल्लू असताना तिला मी एका हंगामात सहा वेळा झोपवलं होतं."

संपतनं वैरण खाली ठेवली. "म्हंजी मला त्या जनावरानं न्हाई मारलं, तू मारलंस म्हन."

"हो."

"आन् मी येडा, दरसाल तुला फोन लावून बोलवत व्हतो. ताई, पिल्लं गावली, ये म्हनून."

यमुनावहिनी दारात आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि आत निघून गेल्या. आतून भांड्याचा आवाज आला नाही, चहाचा वास आला नाही. त्या घरात सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा बाईंना कुणी चहा विचारला नाही. बाईंना रडू फुटलं. त्यांनी ते लपवलंही नाही.

"आनखी कुनाला सांगितलंस?" संपतनं विचारलं.

"नाही. पहिलं तुला."

"का?"

"तुला नंतर कळलं असतं तर मला तोंड दाखवता आलं नसतं."

"आता तरी कुठं दावता येतंय," संपत म्हणाला आणि पाठ फिरवून गाईला पाणी पाजायला गेला.

गुरुवारी सकाळी धुक्यात यंत्र थांबलं, आणि थांबलं ते संपतच्याच शेवटच्या फडात. बाई पोचल्या तेव्हा बांधावर वीस-पंचवीस माणसं जमली होती. अयान होता, आणि रेंजर अनुष्का गाडगे मास्क तयार करून उभी होती. पिल्लं तीन. दोन उभ्या उसाच्या तोंडाशी एकमेकांत गुंतून पडलेली. तिसरं, नर, तोडलेल्या भागात वाळल्या पानांच्या पाचटावर एकटं. आई जवळपासच कुठंतरी असणार, कारण उसातून मधूनच करवत चालल्यासारखी गुरगुर येत होती.

"मॅडम, अहवालाची वाट बघायची नाही, वरून स्पष्ट सूचना आहे," अनुष्का म्हणाली. "नर पिल्लं केंद्रात न्यायची. झोपवून घेऊ, मग उचलू."

"झोपवायचं नाही," बाई म्हणाल्या.

"मग नेणार कशी?"

"न्यायचीही नाहीत. अनुष्का, थांब जरा. अयान, तूही ऐक. तुझे ठसे दाट आहेत कारण तुझा फॉर्म खोटा आहे. पिल्लं एकदा नाही झोपवली. कुणी चार वेळा, कुणी सहा वेळा. सत्तावीस वर्षं. मी झोपवली. डायऱ्या गाडीत आहेत, सगळ्या घेऊन जा."

अयानच्या हातातले दाणे तसेच मुठीत राहिले. त्याचे ओठ हलत होते. गणित करत होता बिचारा. "सहा वेळा," तो म्हणाला. "मग जुळतं. मॅडम, मग सगळंच जुळतं." आणि लगेच, "म्हणजे ही जात बिघडलेली नाही. झाकण आहे नुसतं. नवी भूल पडली नाही आणि पिल्लं आईजवळ निवांत वाढली, तर दोन-तीन पिढ्यांत ते निघून जावं. माझा अंदाज आहे, खात्री नाही."

"तुमचा अंदाज चुकला म्हंजे?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "अकरा मानसं फाडली, आनखी बारावा पायजे का? आवं, ह्या बाईनं देव करायला घेतला आन् झालं माकड! आता तिचंच ऐकायचं?"

खरंच होतं ते. अनुष्का मास्क हातात धरून कधी बाईंकडे, कधी गर्दीकडे बघत होती. "मॅडम, हे लेखी द्याल? माझी नोकरी आहे."

"आत्ता देते. माझ्या सहीनं. पण फड तोडला तर पिल्लांना आसरा कुठला? एवढा तुकडा उभा राहायला हवा, आणि तो काही माझा नाही."

सगळ्यांच्या माना संपतकडे वळल्या. तो बांधाच्या टोकाला उभा होता, उजवा हात डाव्या हातानं पोटाशी धरून. तो पुढे आला आणि यंत्राच्या चालकाला म्हणाला, "फिरीव मागं. हितून त्या आंब्यापत्तूर हात लावू नगं."

"संपत, हाताचं इसारला का रं?" मघाचाच आवाज.

"हात माझा हाय. मला ठावं हाय काय झालं त्याचं." मग तो बाईंकडे वळला. आवाज चढवला नाही. "ताई, तुला माफ केलं असं समजू नगंस. ते माझं मी बघंन, वरीस लागंल न्हाई तर जनम. पर ही पोरं कालची हायती. त्यांनी काय केलंय? ऊन यायच्या आत ते पिल्लू आत ठिव."

अनुष्कानं मास्कची नळी काढून घेतली आणि माणसांना मागे हटवायला लागली.

बाई पाचटावरून एकट्या चालत गेल्या. धुकं विरळ होत होतं, तुरे वर कुठंतरी पांढरे दिसत होते, आणि उसातली गुरगुर त्यांच्या पावलागणिक जवळ येत होती. हातात गोणपाट नव्हतं, मास्क नव्हता. आपण हे काम चारशे वेळा केलंय, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं, पण ते खरं नव्हतं. हे काम त्या पहिल्यांदाच करत होत्या.

पिल्लानं मान वर केली. दीड महिन्याचं असेल. पापणी उलटून, बॅटरी मारून बघितलेले डोळे बाईंनी शेकड्यांनी पाहिले होते. आपल्याकडे बघणारे डोळे हे पहिलेच. निळसर, धुक्याच्याच रंगाचे. त्यांनी दोन्ही हातांनी ते उचललं. पिल्लू फिस्कारलं, अंगाचं धनुष्य केलं, चारी पंजे झाडले आणि बाईंच्या अंगठ्याच्या मुळाशी सुईसारखे दात रुतवले. "आई गं!" त्या पुटपुटल्या, पण सोडलं नाही. त्याचं काळीज त्यांच्या तळव्यावर धडधडत होतं. किती भ्यालं होतं ते! बाईंनी दहा पावलं टाकली, वाकून त्याला उसाच्या पहिल्या सरीत भावंडांशेजारी ठेवलं आणि तोंड न फिरवता मागे मागे येत राहिल्या. पिल्लू आत पळालं नाही. आई पान सारून बाहेर येईपर्यंत ते बाईंकडेच बघत राहिलं, कान मागे, दात बाहेर.

बाईंनी रक्ताळलेला अंगठा पदरात धरला. हे पिल्लू आता जन्मभर माणसाला भिणार, हे त्यांना कळत होतं. त्यातली थोडी भीती आजीकडून आलेली होती. उरलेली त्यानं आत्ता, टक्क जागेपणी, समोरचं माणूस नीट पाहून घेतली होती. ती त्याची एकट्याची होती, आणि त्याच्या पोरांना ती मिळणार नव्हती.